पी०१७१, बदललेला सेन्सर आणि पार्किंगमधलं गॅरेज

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर पळालेली. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून गॅरेजमध्ये नेली. तिथे स्कॅनर लावला, पी०१७१ हा दोषाचा कोड निघाला, ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणून तो बदलला. साडेसहा हजार गेले आणि नवव्या दिवशी दिवा परत पेटला. मग मालकांनी स्वतःच ब्लूटूथचं डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून तिचे आकडे मोबाइलवर पाठवणारी डबी) मागवलं, मोबाइलवर ॲप टाकलं आणि आकडे पाठवले: लाँग टर्म फ्यूएल ट्रिम आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) +५ टक्के, घाटाच्या चढावर +२२ टक्के. सकाळचा पहिला सेल्फ लांब मारावा लागतो. त्यांचे प्रश्न दोन. या आकड्यांचा अर्थ काय? आणि संगणक बसवलेली गाडी माणसाने घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हौस म्हणून दुरुस्त करावी का, की ते दिवस कार्ब्युरेटरबरोबर गेले?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी साताऱ्यात सव्वीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय. शिकलो ते पद्मिनी आणि कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००वर. आमचे उस्ताद बॉनेट उघडून नुसते उभे राहायचे, दोनदा ॲक्सिलरेटर द्यायला सांगायचे आणि म्हणायचे, ‘तिसरा मारत नाही.’ प्लग काढला की खरोखर तिसराच ओला निघायचा. मला तसं ऐकू यायला सहा वर्षं लागली. आजची गाडी कितव्या सिलिंडरला मिसिंग आहे, म्हणजे कितवा पेटत नाही, ते मोबाइलवर लिहून देते. कूलंट किती तापलंय, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडतोय, बॅटरीला किती व्होल्ट मिळतायत, सगळं समोर. त्यामुळे हौशी माणसाला आजची गाडी तेव्हाच्यापेक्षा सोपी आहे असं माझं मत आहे, आणि बरेच जुने मिस्त्री यावर माझ्याशी भांडतात. अट एवढीच की पाना हातात घेण्याआधी मीटर हातात घ्यायची सवय पाहिजे.

गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंजिन बघत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. तो बंद खोलीत बसलेला मुनीम आहे. दाराखालून त्याच्याकडे चिठ्ठ्या येतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहिलेली असते: या तारेवर आत्ता किती व्होल्ट आहेत. कूलंट थंड आहे की तार तुटली आहे, हे त्याला कळत नाही. व्होल्ट जास्त दिसले की तो ‘फार थंड’ असं धरून चालतो, आणि अगदीच अशक्य आकडा आला तर कोड टाकतो. म्हणजे कोड ही त्या मुनिमाची तक्रार आहे. ती कशामुळे आली ते शोधणं आपल्याकडे राहतं.

आता तुमची तक्रार बघू. पी०१७१ म्हणजे ‘मिश्रण पातळ आहे, हवा जास्त, पेट्रोल कमी’. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनमधून धूर बाहेर पडतो त्या पाइपावर बसलेला साधा ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन बघून ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हलतो. ०.४५च्या वर गेला की पेट्रोल जास्त, खाली आला की कमी. चालू इंजिनला हा आकडा सारखा वर-खाली व्हायला हवा. तो खालीच रेंगाळायला लागला की ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडतो. त्या वाढीव मापाला ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली दुरुस्ती. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर मी लक्षही देत नाही. ट्रिम वाढत वाढत ईसीएमच्या मर्यादेपर्यंत गेलं की तो दिवा लावतो.

तुमच्या गाडीत सेन्सरने बरोबर हाक मारली आणि गॅरेजने चोर आला म्हणून ओरडणारा राखणदारच बदलला. सेन्सर खरंच जिवंत आहे का हे बघायला दोन मिनिटं पुरली असती. गरम इंजिनला ॲक्सिलरेटर झटकन दाबायचा, आकडा ०.८-०.९ला उडाला पाहिजे. सोडला की ०.१कडे पडला पाहिजे. दोन्हीकडे झटपट जातो तो सेन्सर बदलायचं कारण नाही. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो, त्याला ही चाचणी लागू होत नाही, पण तुमच्या वयाच्या गाडीत बहुधा साधाच असणार.

+५ बद्दल घाबरू नका. आता पंपावर मिळतं ते ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्या मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण १३.५ हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या इंधनावर बेतलेली गाडी ते ट्रिममधून भरून काढते, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या २०१०-१५च्या बऱ्याच गाड्यांत हल्ली +४, +६ दिसतं. हा दोष नव्हे. पण दुसरा काही दोष आला की मर्यादा गाठायला अंतर कमी उरतं, हेही खरं.

खरी गंमत +२२मध्ये आहे, आणि तो आकडा चढावर येतो यात आहे. मिश्रण पातळ व्हायची कारणं ढोबळमानाने दोन: कुठून तरी जादा हवा घुसते, किंवा पेट्रोल कमी पोचतं. हवेची गळती आयडलिंगला सगळ्यात जास्त दिसते, कारण तेव्हा इंजिनची एकूण भूकच थोडी असते आणि चोरून आलेली हवा त्यात मोठी ठरते. रेस वाढवली की तेवढीच गळती नगण्य होते. तुमचं उलटं आहे. आयडलिंगला ठीक, भार पडला की हाल. घरात नळ एकच चालू असेल तर पाणी जोरात येतं, तिन्ही सोडले की टाकीच्या पाइपाला जमत नाही, तसं. म्हणजे पेट्रोलच्या बाजूला बघा: पंप, फिल्टर, पंपाला जाणारी वीज.

यात एक खोच आहे, ती पुस्तकी माणसं विसरतात. हे ‘आयडलिंगला ट्रिम चढलं तर हवेची गळती’ गणित एमएएफ सेन्सरवाल्या गाडीला पक्कं लागू पडतं, कारण तिथे आत जाणारी हवा दारातच मोजली जाते आणि मागच्या दाराने आलेली मोजायची राहते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसून मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब बघतो, त्यामुळे चोरून आलेली हवाही त्याच्या हिशेबात येते. अशा गाडीत गळती असली तर ट्रिम फारसं हलत नाही, आयडलिंग मात्र हजार-बाराशेला जाऊन बसतं. तुमचं आयडलिंग किती आहे ते लिहिलेलं नाही. साडेसातशे-आठशेच्या आसपास शांत असेल तर हवेचा विषय सोडून द्या. शंका असेलच तर स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन मॅनिफोल्डच्या जोडांवर आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवर मारा. जिथे गळती आहे तिथे पाणी ओढलं जातं आणि इंजिनचा आवाज बदलतो. त्याऐवजी कार्ब क्लीनर, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे, मारणारे बरेच आहेत, मीही मारायचो. गरम सायलेन्सरवर तो एकदा भपकन पेटलेला बघितला, तेव्हापासून बंद.

दुसरी चौकशी: गाडीला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे का? असेल तर सगळा हिशेब वेगळा. किटवाले इंजेक्टरच्या तारा मधूनच तोडून त्यांचा एम्युलेटर (गॅसवर चालताना ईसीएमला इंजेक्टर जोडलेलाच आहे असं भासवणारा डबा) जोडतात. त्या जोडांना नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि सीएनजीचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर पेट्रोलचा ईसीएम गॅसवर चालताना शिकलेलं ट्रिम पेट्रोलवरही लावून बसतो. तेव्हा आधी दोन दिवस नुसत्या पेट्रोलवर चालवा आणि मगच आकडे लिहा.

किट नाही असं धरून पुढे जातो. गेल्या वर्षी गणपतीनंतर माझ्याकडे जवळजवळ तुमच्यासारखीच गाडी आली होती. दोन गॅरेजं फिरून झाली होती. ऑक्सिजन सेन्सर नवा, इंजेक्टर साफ केलेले, प्लग नवे, आणि तिसऱ्या ठिकाणी पंप बदलायचं अंदाजपत्रक हातात. मी मालकाला शेजारी बसवून यवतेश्वरच्या चढाला नेली. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर निम्मा, सरळ एकसारखा. पूर्ण दाबायचा नाही, कारण पूर्ण दाबल्यावर ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि ट्रिमचे आकडे जागच्या जागी गोठतात. निम्म्यावर लाँग टर्म +२१ला गेलं.

परत आल्यावर मागचं सीट उचललं. बहुतेक लहान गाड्यांत पेट्रोलची टाकी त्याखाली असते आणि एका पत्र्याच्या झाकणाखाली पंपाचा कपलर, म्हणजे तारा जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट, असतो. कपलर काढला नाही. मागच्या बाजूने, तारेच्या कडेने, टाचणीसारखी बारीक पिन आत सरकवली आणि इंजिन चालू केलं. मीटरची काळी तार लांब वायर लावून थेट बॅटरीच्या मायनसला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. लाल तार पंपाच्या प्लसला लावली, १३.८. छान, म्हणजे फ्यूज, रिले, प्लसची वायर सगळं बरं. मग तीच लाल तार पंपाच्या अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या तारेला, लावली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.१, फार तर ०.२. आले ३.२. म्हणजे १३.८मधून ३.२ गेले, पंपाच्या वाट्याला १०.६ उरले. पंप फिरत होता, आवाजही येत होता, फक्त अशक्त फिरत होता. आयडलिंगला तेवढ्यावर भागतं, चढावर भागत नाही.

अर्थची वायर शोधत गेलो तर डाव्या दाराच्या उंबऱ्याशी, गालिच्याखाली, एक दहा नंबरचा बोल्ट. गालिचा ओला. दाराचं रबर फाटलेलं होतं, पावसाचं पाणी तिथे महिनोन्‌महिने साचत असणार. बोल्ट काढला तर खाली पांढरट हिरवी पूड आणि त्याच्याखाली तांबूस गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवी रिंग लावली, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. परत मोजलं: ०.०६. पंपाला १३.७ व्होल्ट. संध्याकाळी त्याच चढावर ट्रिम +६. खर्च झाला तो रबराचा.

हा दोष ओहम मोजून सापडला नसता, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. पंप चार-पाच अँपिअर ओढतो. सव्वातीन व्होल्ट खायला अर्धा-पाऊण ओहम पुरतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच तेवढा असतो, त्यामुळे मीटर ‘ठीक आहे’ म्हणतं. म्हणून वायर तपासायची ती काम करत असताना, भार अंगावर असताना. त्यासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एक धागा उरलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते. त्याच वायरवर हा बल्ब लावा, पावणेदोन अँपिअर मागितल्यावर तिचं सोंग लगेच उघडं पडतं. फक्त हा बल्ब फ्यूज, दिवे, पंप, मोटर असल्या ताकदीच्या वायरींनाच लावायचा. ईसीएमकडे जाणाऱ्या सेन्सरच्या बारीक वायरीला लावलात तर आतला ट्रान्झिस्टर जाळून बसाल. सेन्सरला फक्त डिजिटल मीटर.

आणि पिन कधीही वायरच्या कातड्यातून टोचू नका. मी हे एका जुलैत केलं होतं. डिसेंबरात तीच गाडी परत आली, वायर बाहेरून धडधाकट, आत बोटभर तांबं हिरवं होऊन भुगा झालेलं. माझाच उपद्व्याप, माझ्याच खर्चाने हार्नेस (वायरींचा जुडगा) जोडून दिला.

तुमच्या डोंगलबद्दल. पाचशे-सातशे रुपयांचं, ईएलएम३२७ चिपच्या प्रकारचं असेल तर शिकायला पुरेसं आहे. त्यातली बरीचशी नक्कल असतात, काही हुकूम त्यांना कळत नाहीत, आणि ॲपवर नुसतं इंजिन दिसतं. एबीएस, एअरबॅग यांच्याशी बोलायला त्या त्या कंपनीच्या गाडीसाठीचा स्कॅनर लागतो. आयफोन असेल तर जुन्या ब्लूटूथचं डोंगल जोडलं जात नाही, वायफाय किंवा बीएलईवालं (नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं) घ्या. गाडी उभी करताना डोंगल काढून ठेवत जा. स्टिअरिंगखालच्या त्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरी कायम जोडलेली असते, चावी काढली तरी.

ते सॉकेट अमेरिकेत १९९६पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष सांगायच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१०मध्ये आला, तेव्हा बीएस-४ फक्त तेरा शहरांत होतं आणि त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. पुढचा, ओबीडी-२चा टप्पा एप्रिल २०१३ला. तुमची गाडी बोलतेय म्हणजे प्रश्न मिटला, पण दुसऱ्या कुणाची २००५-०८ची गाडी असेल तर सॉकेट असूनही डोंगल मुकं राहू शकतं. सुझुकीच्या जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत डायग्नोसिसची वायर अर्थ केली की चेक इंजिनचा दिवा मिचकावून कोड सांगतो. एकदा, मग दोनदा मिचकावला म्हणजे १२, सगळं ठीक. त्याला डोंगल लागत नाही, वायरचा तुकडा लागतो.

कोड दिसला की पहिला मोह तो उडवायचा असतो. उडवू नका. कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, भार, कूलंटचं तापमान ईसीएम साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड उडवला की तीही जाते. बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करणारे तर शिकलेलं आयडलिंगसुद्धा घालवतात आणि मग गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून नवीन रडगाणं सुरू होतं. आधी स्क्रीनचा फोटो घ्या, मग पुढे. तुमच्या गाडीची पहिली फ्रीझ फ्रेम गॅरेजने घालवली, पण दिवा परत लागलाय म्हणजे नवी आहे. त्यात भार ७०-८० टक्के दिसला तर माझा पंपावरचा संशय पक्का.

आता शिकण्यासाठी एक प्रयोग सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या नव्या पोराला मी पहिल्या आठवड्यात हाच करायला लावतो. इंजिन थंड, चावी ऑन, इंजिन बंद. ॲपमध्ये कूलंटचं तापमान लावा, सकाळी २५-२६ दिसेल. आता कूलंट सेन्सरचा दोन पिनांचा कपलर काढा. आकडा उणे ४०वर जाईल. साताऱ्यात उणे ४०! मुनिमाकडे पाच व्होल्टची चिठ्ठी गेली, तो म्हणाला फार थंडी. मग कपलरच्या वायरीकडच्या दोन पिना बारीक वायरने एकमेकींना जोडा. आकडा उडी मारून दुसऱ्या टोकाला, शंभरच्या बऱ्याच वर जाईल. रेडिएटरचा पंखा एकदम सुरू होईल, बोटं लांब ठेवा. दोन्ही टोकं दिसली म्हणजे ईसीएमपासून कपलरपर्यंतची वायर, पिना आणि ईसीएमचा तो भाग सगळं बरं. एवढं होऊनही तापमान चुकीचं दिसत असेल तर दोष सेन्सरचा. आकडा हललाच नाही तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही, वायर शोधा. या प्रयोगाने पी०११८सारखा कोड पडेल, तो मात्र उडवला तरी चालेल, आपणच पाडलेला आहे. फक्त हा जोडाजोडीचा खेळ दोन तारांच्या तापमान सेन्सरवरच करायचा. तीन तारांच्या सेन्सरवर केलात तर पाच व्होल्टची लाइन अर्थ होऊन बाकीचे सेन्सरही गप्प होतील.

असाच फुकटचा दुसरा डाव मिसिंगसाठी. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसिंग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर तिसऱ्याची दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी, दुकानात जा. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल सुटली. मग प्लगची अदलाबदल, तरीही नाही तर इंजेक्टरची वायर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. झिजलेला व्हॉल्व्ह कुठल्याही ॲपने बरा होत नाही.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि वीस मिनिटांनी निमूट सुरू होते, ही तक्रार उन्हाळ्यात आठवड्याला एक येते. सेल्फ मारताना ॲपवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर दोष क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) किंवा त्याच्या वायरीचा. दोनशे-अडीचशे दिसत असेल तर क्रँक बहुधा बरा, पेट्रोल-स्पार्ककडे वळा.

डॅशबोर्डवर एकदम सगळे दिवे पेटले, यू अक्षराने सुरू होणारे, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलत नाहीत असं सांगणारे, चार-पाच कोड आले, तर कुणी ‘ईसीएम गेला’ म्हणेल. थांबा. आधी बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीला १२.६च्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नाही, चालू गाडीला पावणेचौदा ते साडेचौदा. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत व्होल्ट मोजा, ०.२च्या वर गेला तर अर्थचा पट्टा साफ करा. मग बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजा. त्या कॅन-बसच्या, म्हणजे गाडीतले संगणक ज्यावरून बोलतात त्या लाइनच्या, दोन तारा. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एका बाजूची वायर तुटली आहे. आणि पावसाळा असेल तर हे सगळं करण्याआधी बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या शोधा. हे मी चेष्टेत सांगत नाही. जून ते सप्टेंबर माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त वायरी कुरतडलेल्याच असतात.

दुरुस्तीची कपलर आणि पिना पुण्यात नाना पेठेत सुट्या मिळतात, मीटर आणि क्रिंपिंगची (वायरीवर पिन दाबून बसवायची) पकड तपकीर गल्लीत. जुना ईसीएम भंगारातून आणायचा विचार मात्र सोडून द्या. इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या कुलपाची) चावी त्याच्याशी जुळलेली असते, नुसता डबा लावून गाडी चालू होत नाही. दुसऱ्याच्या पैशाने शिकलो हे. २००९ साली मी एका माणसाला नवा ईसीएम घ्यायला लावला होता आणि दोष निघाला गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या बोल्टमध्ये. तो माणूस अजून माझ्याकडेच येतो, पण दर वेळी ती आठवण काढतो.

घरी हात लावू नये अशा गोष्टी: पिवळ्या कपलरची एअरबॅगची वायरिंग, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल, आणि चालू डिझेल इंजिनचा इंजेक्टर पाइप. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी) दाब हजार बारच्या पुढे जातो, ती धार कातडी फोडून आत जाते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

तुमच्यासाठी रविवारचं काम एवढंच. सकाळी चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, पंपाची घरघर संपली की ऑफ करा, असं दोनदा करून मग सेल्फ मारा. पटकन लागली तर रात्रभरात रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) पेट्रोलचा दाब उतरतोय. तो बहुधा पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हचा दोष, वायरिंगचा नाही, आणि मग गेजने दाब मोजून घ्यावा लागेल. एमपीएफआय गाडीत तो तीन बारच्या आसपास असतो, पण पेट्रोलची नळी सोडायचं काम गॅरेजमध्येच करून घ्या. त्यानंतर सगळी दारं उघडी ठेवून, आसपास कुणी विडी ओढत नाही ना बघून, पंपाचे तीन आकडे घ्या: बॅटरीवर किती, पंपाच्या प्लसला किती, पंपाच्या अर्थला किती. पिना इंजिन बंद असताना लावायच्या, कपलर चालू पंपावर ओढायचा नाही. तीनही आकडे, आयडलिंगचा आरपीएम आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो पाठवा. व्होल्ट पूर्ण पोचत असतील तरच पंप आणि फिल्टरबद्दल बोलू. सीट उचलल्यावर मात्र आधी गालिच्याखाली हात घालून बघा, ओलं लागतंय का, आणि दहा नंबरचा बॉक्स पाना जवळ ठेवा.